प्लेग नव्हे, प्लाक

गावच्या शाळेत दातांचं शिबिर झालं, तेव्हा माझी धाकटी जाऊ तपासून आली. सासूबाईंनी विचारलं, "का निघालं?"

"दातांत प्लाक आहे म्हन्ते. अहेरीले येऊन साफ करून घ्या म्हनाले."

सासूबाईंनी ऐकलं ते प्लेग. हातातलं सूप त्यांनी बाजूला ठेवलं. त्यांच्या आईची बहीण प्लेगात गेली होती. काखेत गाठ आली, गाव सोडून लोक जंगलात झोपड्या घालून राहिले, हे सगळं त्यांनी आईकडून ऐकलेलं. ती मावशी म्हणे जावेच्याच वयाची होती.

त्या दिवसापासून जाऊ समोरच्या खोलीत पंख्याखाली पडून; चुलीजवळ यायची तिला बंदी. ऐन रोवणीचे दिवस. मी चिखलात धान रोवून यायची आणि सगळ्यांचा स्वयंपाकही माझ्याच माथी. दीर गडचांदूरला सिमेंटच्या कामावर होते, ते सफरचंदं घेऊन धावत आले. सासूबाई अंडी उकडून तिच्या दाराशी ठेवत आणि बाहेरूनच विचारत, "ताप त नाई ना, बेटा?"

बेटा! मला या घरात कधी कुणी बेटा म्हटलं नव्हतं. मागच्या पावसाळ्यात मी मलेरियातून उठले ती थेट चुलीपुढेच बसले होते.

जावेनंही सांगून पाहिलं की हा प्लेग नाही. पण आजारी माणसाचं कोण ऐकतं? मग मी म्हटलं, "आत्याबाई, दाताचा मळ आहे तो."

"तुले तिचं बरं पाहावत नाई," त्या म्हणाल्या.

यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

शेवटी आम्ही तिघी अहेरीला गेलो. सासूबाईंनी तोंडाला पदर घट्ट धरला होता. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"आजी, प्लेग उंदरावरच्या पिसवा चावून होतो. ताप भरतो, गाठी येतात, माणूस दगावतो. प्लाक म्हणजे दातावर बसणारा जंतूंचा चिकट थर. रोज नीट घासला की निघतो. राहिला तर त्याचं कडक कीटण होतं, हिरड्या सुजतात. बस."

सासूबाईंनी पदर सोडला आणि जावेच्या डोक्यावर हात फिरवत रडायलाच लागल्या. मी दाराशी उभी होते. तिथेही मला हेवाच वाटला.

"माझेबी दात पाहा," मी म्हणाले. दिव्याखाली तोंड उघडलं, तेव्हा काहीतरी निघावं असं मनापासून वाटत होतं.

"दाढ किडली आहे. दुखत नाही?"

"दुखते. रोवणीच्या आधीपासून."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुम्ही इचारलं कुठी?"

दाढ काढून होईपर्यंत त्या माझी चप्पल आणि पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी मला कशालाच हात लावू दिला नाही. सुजलेला गाल धरून मी आत पडले होते. जाऊ माझ्यासाठी मऊ भात रांधत होती, सासूबाई तिच्याजवळ बसल्या होत्या. मधेच दोघी खूप हसल्या. कशावर, ते मला ऐकू आलं नाही. मी कूस बदलली आणि कान देऊन पडून राहिले.