जामिनावर सोडलेला माणूस

जव्हार संस्थानच्या कचेरीत मी वकिली सुरू केली तेव्हा माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना मराठी ही घराबाहेरची भाषा होती. पाड्यावर ते आपली बोली बोलत, जव्हारच्या बाजारापुरतं मराठी त्यांना येई. कचेरीतलं मराठी त्याहून वेगळं. ते मलाही घरात कधी ऐकायला मिळालं नव्हतं. पुस्तकं वाचून शिकलो होतो.

पहिल्याच वर्षी दाभोशाच्या एका तरुण शेतकऱ्याचं काम माझ्याकडे आलं. भाताच्या आवणीच्या, म्हणजे रोपं लावण्याच्या, दिवसांत बांधावरचं पाणी आधी कोणाच्या खाचरात सोडायचं, यावरून त्याचं शेजाऱ्याशी भांडण झालं. हातात कोयता होता, तो शेजाऱ्याच्या दंडाला लागला. जखम खोल होती, पण माणूस वाचला. गावाने दोघांना बसवून तंटा मिटवला, दोघं एका ठिकाणी जेवलेही. एवढं झाल्यावर बातमी फौजदाराच्या कानावर गेली आणि त्या तरुणाला धरून जव्हारला आणलं.

मी जामिनाचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला. जामीन राहायला त्याचा म्हातारा चुलता आला होता. कारकुनाने भरभर मजकूर वाचला, म्हाताऱ्याने अंगठा दिला. दारावरचा शिपाई तरुणाला म्हणाला, "सुटलास रे, जा आता."

शिपायाचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. जामिनावर सुटला असंही आपण म्हणतो आणि निर्दोष सुटला असंही म्हणतो. पण मी घाबरलो. चुलता, पुतण्या आणि पुतण्याची बायको, तिघांना मी कचेरीच्या पायरीशी थांबवलं.

"तू सुटलेला नाहीस," मी त्याला म्हणालो. "खटला अजून उभाच आहे. निकाल लागेपर्यंत तुला घरी राहू दिलंय, एवढंच. दिवाळीनंतर पौर्णिमा येईल, त्या दिवशी इथे यायचं. आला नाहीस तर चुलत्याला त्रास होईल."

तो हो म्हणाला. बायकोने विचारलं, "म्हंजे आता घरी न्यायचा ना तेला?"

मी म्हटलं, हो, न्या. त्यानंतर मी आणखी बरंच समजावलं, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलं असेल असं वाटत नाही. ती बाई रडत होती आणि नवऱ्याचा दंड तिने घट्ट धरला होता. घरी गेल्यावर त्यांनी देवाला कोंबडा दिला, असं मला मागाहून कळलं.

भात कापून झालं की त्या भागातली माणसं गवत कापायला वसईकडे उतरत. तोही बायकोला घेऊन उतरला, दरवर्षी उतरत होता तसाच. वसई इंग्रजांच्या मुलखात होती. आमच्या कागदांवर ती परकी हद्द. त्याच्या दृष्टीने ती रानातून खाली जाणारी नेहमीची वाट होती.

पौर्णिमेला पुकारा झाला तेव्हा चुलता एकटाच आत आला. धुतलेलं फडकं डोक्याला बांधलं होतं. न्यायाधीशांनी आरोपी कुठे आहे म्हणून विचारलं. म्हातारा म्हणाला, "वसईकडं गेला, गवताला. पोरगा चांगला हाय साहेब. मी तवाच सांगितलं ना."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की जामीन राहणं म्हणजे काय, हे म्हाताऱ्याने आपल्या परीने ठरवलं होतं. पुतण्या चांगला आहे अशी ग्वाही द्यायची, तेवढंच. ग्वाही त्याने दिली होती, लागली तर पुन्हा द्यायची त्याची तयारी होती. माणूस हजर करण्याची हमी आपण दिली आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

मी उठून सांगितलं की आरोपी पळालेला नाही, पोटासाठी गेला आहे. न्यायाधीश वाईट नव्हते.

"कामाला जाणं आणि पळून जाणं यातला फरक मला कळतो, वकीलसाहेब," ते म्हणाले. "पण तो हजर नाही आणि हद्दीबाहेर आहे. मला तेवढंच लिहिता येईल."

जामीन जप्त झाला. म्हाताऱ्याकडे जप्त करण्यासारखी बैलजोडीच होती.

निरोप पोचला तसा तरुण वसईहून चालत आला आणि आपणहून कचेरीत उभा राहिला. त्याचा फायदा झाला नाही. खटला चालला तेव्हा जखमी शेजारीही आला. हात बरा झालाय, भांडण मिटलंय, माझी तक्रार नाही, असं त्याने सांगितलं. पण गावात तंटा मिटणं आणि खटला मिटणं ह्या दोन गोष्टी होत्या. खटला सरकारचा होता. तडजोडीला परवानगी द्यावी म्हणून मी विनंती केली. फरारी झालेल्या माणसासाठी ती मान्य झाली नाही. त्याला सक्तमजुरी झाली.

तुरुंगात नेण्याआधी त्याने मला विचारलं, "साहेब, पयल्यांदा मला सोडलंच नसतं तर बरं झालं असतं का?"

बरं झालं असतं, असं मला मनातून वाटत होतं.

सुटून आल्यावर तो दाभोशाला राहिला नाही. चुलत्याच्या समोर कसं जायचं म्हणत बायकोसह वसईकडे निघून गेला आणि तिकडचाच झाला, असं ऐकलं.

पण तो तुरुंगात होता तेव्हाच म्हातारा माझ्याकडे आला होता. बैल परत मिळावेत म्हणून मी अर्ज लिहिला. मला आशा नव्हती, तरी लिहिला. संध्याकाळी त्याला सांगितलं, अर्ज दाखल झाला. तो माझ्या पाया पडला आणि घाईने गेला. मला वाटलं, घरी गेला.

तो कचेरीच्या गोठ्याकडे गेला होता. बैल सोडा, अर्ज झालाय, असं तिथल्या शिपायाला सांगत होता. बैल कधीच लिलावात गेले होते. जामसरच्या एका शेतकऱ्याने घेतले होते. दुसऱ्या दिवशी म्हातारा परत माझ्या दारात आला. दाखल होणं म्हणजे अर्ज नुसता घेतला जाणं, मंजूर होणं वेगळं, असं मी त्याला हळूहळू सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग जामसर कोणत्या वाटेने जवळ पडतं, एवढंच विचारलं.

अर्ज नामंजूर झाल्याचं कळवायला मी माणूस पाठवला, तो येऊन सांगत होता. म्हातारा जामसरला जाऊन आला होता. बैल नांगराला जुंपलेले होते. हा कोण ते नव्या मालकाने ओळखलं, नांगर थांबवला, पाणी दिलं. म्हाताऱ्याने एका बैलाच्या पाठीवरची गोमाशी हाताने उडवली आणि बांधाबांधाने दाभोशाकडे चालू लागला. त्या पावसाळ्यात त्याने वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीचा एक तुकडा कुदळीने खणून नाचणी लावली. भाताची खाचरं तशीच पडून राहिली.