बोरसे सरांनी माइक सोडला

बोरसे सर स्टेजवर चढले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. माइक हातात घ्यायचे, त्यावर टिचकी मारायचे, मंडपभर नजर फिरवायचे आणि विचारायचे, "हे स्टेज ज्यानं बांधलं तो भाऊ कुठे आहे? त्याला आधी टाळ्या द्या. मी चढलोय तरी स्टेज उभं आहे!" सगळा मंडप हसायचा. मांडववाला कुठल्या तरी खांबाआडून लाजत हात वर करायचा, सर त्याला जमेल तितकं वाकून नमस्कार करायचे आणि कार्यक्रम सुरू व्हायचा.

जळगावपासून धुळ्यापर्यंत लग्नाचं रिसेप्शन असो, कुणाची सेवानिवृत्ती असो की शाळेचं गॅदरिंग, सूत्रसंचालनाला बोरसे सरच हवे असायचे. पत्रिका छापायच्या आधी लोक त्यांची तारीख घ्यायचे. आम्ही जळगावात एकाच शाळेत होतो. ते मराठी शिकवायचे, मी भूगोल. राहायलाही दोघं पिंप्राळ्यातच, त्यामुळे शाळेत जायचं ते त्यांच्या स्कूटरवर. त्यांच्यामागे बसलं की समोरचं काही दिसायचं नाही, वारा लागायचा नाही, आणि पाऊस आला तर मी निम्मा कोरडा उतरायचो. एकदा मी तसं म्हटलं, तर दुसऱ्याच दिवशी एका साखरपुड्यात त्यांनी ते माइकवरून सांगून टाकलं, वर माझ्याकडे बोट दाखवून मला उभंही केलं.

मी चिडलो होतो. घरी येताना म्हणालो, "सर, स्वतःच्या शरीरावर किती विनोद करायचे? तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" तेव्हा त्यांनी स्कूटर बाजूला घेतली आणि शांतपणे म्हणाले, "लोक हसणारच आहेत, महाजन भाऊ. मी पाचवीत असल्यापासून हसताहेत. मग आपणच आधी हसवून घ्यावं. निदान कधी हसायचं ते तरी आपण ठरवतो." एवढं बोलून त्यांनी स्कूटरला किक मारली आणि हिवाळ्यातल्या भरीत पार्टीचा विषय काढला. त्या माणसाला खाण्याचं सुख होतं, हे मी नाकारणार नाही. भरीत, पुऱ्या, वर मिरचीचा ठेचा, आणि जेवताना जेवणाबद्दलच बोलणं. पण मी त्यांच्याहून काही कमी जेवायचो नाही. मी आजही काडीसारखा आहे, यात माझी कर्तबगारी शून्य.

ऑपरेशनचं ठरलं ते शाळेच्या बक्षीस समारंभानंतर. सर नावं वाचत होते आणि मध्येच त्यांचा श्वास संपला. टेबलाला धरून उभे राहिले, तोंड उघडं, आवाज नाही. पोरांना आणि पालकांना वाटलं, हाही विनोदच. हॉल खदाखदा हसत होता आणि सर घामाने भिजले होते. मी धावत जाऊन उरलेली नावं वाचली. खाली उतरल्यावर ते म्हणाले, "साखर झाली, गुडघे गेले, ते चालवून घेतलं. पण बोलता आलं नाही तर माझ्याकडे राहतं काय?" डॉक्टरांनी वजन उतरवायला पूर्वीच सांगितलं होतं. डाएट झाले, काढे झाले, पहाटेचं फिरणं झालं. उतरलेलं वजन दर वेळी व्याजासकट परत यायचं. शेवटी ते नाशिकला गेले आणि पोट लहान करण्याचं ऑपरेशन करून आले.

मग जे झालं ते आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. सर महिन्यागणिक उतरत गेले. गालांच्या आतून एक वेगळाच, जरा करारी चेहरा वर आला. चोपड्याकडच्या गावाहून त्यांची आई आली आणि दारातच रडायला लागली. "काय व्हयनं रे तुले? पोट भरी जेवस का नही?" म्हणत ती मालतीवहिनींकडे, म्हणजे सुनेकडे, संशयाने बघायला लागली. सरांनी आईला समजावलं आणि वाटीभर वरण पुढ्यात घेऊन तासभर चिवडत बसले. लोक आडून आडून विचारायचे, काही मोठं दुखणं तर नाही ना? या लोकांची तोंडं बंद करायला म्हणून सरांनी सगळं माइकवरून सांगून टाकलं, आणि माझ्या मते त्यांची चूक झाली ती इथे.

त्यांनी नवा प्रयोगच बसवला. स्टेजवर येताना जुनी पँट पिशवीतून आणायचे, तिच्या एकाच पायात स्वतःचे दोन्ही पाय घालून उभे राहायचे. टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. मुलगी प्राची धुळ्याला दिली, तिच्या रिसेप्शनलाही त्यांनी ते केलं. व्याह्यांच्या मांडवात लेकीचा बाप एका पँटच्या पायात उभा, आणि प्राची नवऱ्याशेजारी उभी राहून हसता हसता डोळे पुसत होती. तेव्हाच भरल्या मांडवात ते म्हणाले, "मायबापहो, हा बोरसे परत वाढला, तर याच्या हातातून माइक काढून घ्या. माझी परवानगी आहे!" पुन्हा टाळ्या. पुढे प्रत्येक कार्यक्रमात ते हे वाक्य म्हणायला लागले. मी सुचवलं की हे शेवटचं गाळा. ते म्हणाले, "अहो, शब्द दिला की माणूस बांधला जातो. मला बांधून घ्यायचंय."

दोन वर्षं बरी गेली. मग पहिल्यांदा शर्टाची बटणं ओढ घेताना दिसली. सरांना पूर्ण ताट झेपत नव्हतं. चार घासांत पोट तट्ट व्हायचं, जास्त झालं की उलटी. पण सूत्रसंचालकाचा दिवस म्हणजे सकाळी हळद, दुपारी लग्न, संध्याकाळी रिसेप्शन. जेवायला जमायचं नाही म्हणून मग कुठे कपभर गोड चहा, कुठे आमरसाची वाटी, विरघळलेलं आइस्क्रीम, येता-जाता चिमूटभर शेव. जे अलगद खाली उतरतं ते सगळं. त्याला ते जेवण मानतच नव्हते. "पोट लहान केलं हो डॉक्टरांनी," एकदा मला म्हणाले, "दिवस कुठे लहान केला?" हे मात्र त्यांनी माइकवरून कधी सांगितलं नाही.

त्यांनी काही करून पाहिलं नाही असं कुणी म्हणू नये. माझ्यासमोर म्हणालं तर मी भांडेन. साखर सोडली, पुन्हा धरली, पुन्हा सोडली. उजाडायच्या आत, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा रस्त्यांनी चालायचे. वहिनी फराळाचे डबे कुलपात ठेवायच्या आणि किल्ली स्वतः सर त्यांच्या हातात द्यायचे. नाशिकला दाखवायलाही गेले. तिथे आधी काट्यावर उभं केलं. आहाराचा सल्ला देणारी मुलगी त्यांच्या विद्यार्थिनीच्या वयाची. ती आकडा बघून म्हणाली, "सर, तुम्ही एवढं छान केलं होतं, आणि आता तुम्हीच असं केलंत?" डॉक्टर पुन्हा एक ऑपरेशन करता येईल म्हणाले. सर नमस्कार करून उठले. परत आल्यावर मला एवढंच सांगितलं, "तिला खरंच वाईट वाटलं हो. मी तिचा निकाल खराब केला." त्यानंतर ते पुन्हा तिकडे फिरकले नाहीत.

आधीचं जाड असणं आणि परत जाड होणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला सरांमुळे कळलं. पहिल्या वेळी लोक हसत होते. आता हसत नव्हते, बघत होते. जेवणाच्या रांगेत त्यांच्या ताटाकडे बघायचे. ऑपरेशन करूनही तोंडावर ताबा नाही म्हणजे काय, असं पाठीमागे बोलायचे, आणि ते त्यांच्या कानावर जाईल इतक्याच हळू बोलायचे. स्टेज बांधणाऱ्याला टाळ्या द्यायचा जुना विनोद त्यांनी एकदा परत करून पाहिला. मंडपात चार-दोन माणसं हसली, बाकीच्यांनी माना खाली घातल्या. सर पुढचं वाक्य विसरले. विसरताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

नंतर पारोळ्याला एका रिसेप्शनला आम्ही दोघं गेलो होतो. सर छान बोलत होते, जुना सूर जरा लागत होता. एवढ्यात पुढच्या खुर्च्यांतून त्यांचाच एक जुना विद्यार्थी, आता चांगला बायकापोरांचा माणूस, हसत ओरडला, "सर, माइक काढून घ्यायचा का आता?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला सरांचं वाक्य पाठ होतं, इतकंच. मंडप हसला, अगदी पूर्वीसारखा, मोकळा. सरही हसले. म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मीच सांगितलं होतं." आणि शेजारी उभ्या असलेल्या ऑर्केस्ट्राच्या गायकाच्या हातात माइक देऊन शांतपणे पायऱ्या उतरले. लोकांना वाटलं, परत येतील. गायकानं दोन गाणी म्हटली, मग तोच वधूवरांची नावं घ्यायला लागला. सर तोपर्यंत बाहेर रस्त्यावर येऊन उभे होते. मी म्हटलं, "पोरगा गमतीनं बोलला हो." ते म्हणाले, "हो ना. चूक त्याची नाहीच. माइकवरून बोललेलं परत घेता येत नाही, महाजन भाऊ." त्यानंतर त्यांनी कुणालाही तारीख दिली नाही.

निवृत्त झाल्यावर पिंप्राळ्यातलं घर भाड्यानं देऊन सर आणि वहिनी धुळ्याला लेकीजवळ राहायला गेले. "जळगावात मला न ओळखणारा माणूस नाही," एवढंच कारण त्यांनी दिलं. बारीक असतानाचे फोटो निघताना भिंतीवरून उतरवले. मी एक मागितला तर म्हणाले, "तो पाहुणा होता हो. दोन वर्षं राहिला आणि गेला. त्याला कशाला ठेवता?"

गेल्या उन्हाळ्यात मी कामासाठी धुळ्याला गेलो होतो. त्यांच्या इमारतीखाली उभा राहून फोन केला. आवाज ऐकून त्यांना इतका आनंद झाला की मी जिन्याकडे निघालोच. तेवढ्यात ते म्हणाले, "वर येऊ नका. तिथेच सावलीत थांबा, आपण बोलू." मला कळेना. मी गेटजवळ उभा राहिलो आणि ते दुसऱ्या मजल्यावरून फोनवर बोलायला लागले. काय सांगू, अगदी तसेच बोलले! मुख्याध्यापकांची नक्कल केली, गॅदरिंगचे किस्से सांगितले. मी भर दुपारी गेटजवळ एकटाच हसत होतो.

मालतीवहिनी चहाचा कप घेऊन खाली आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "पाय बधिर होतात यांचे, चप्पल निसटली तरी कळत नाही. दवाखान्यात चला म्हटलं की म्हणतात, तिथे आधी काटा असतो. खाली उतरून वर्ष होत आलं, भाऊ. तुम्ही तरी सांगा." मी फोनवर म्हटलं, "सर, रिक्षा बोलावतो, मी बरोबर येतो. काट्यावर उभं राहायचं नाही असं मी डॉक्टरांना आधीच सांगतो." पलीकडे नुसता पंख्याचा आवाज. म्हटलं, "बरं, निदान गॅलरीत तरी या. लांबून बघतो."

ते बोलले ते आईशी बोलायचे त्या अहिराणीत. "मी बठ्ठं, सगळं सगळं करी देखं, भाऊ. आते माले देखू नका. आवाज येस ना तुमले?"

"येतोय, सर."

"मंग व्हयनं, बस."

आणि लगेच त्यांनी पुढचा किस्सा सुरू केला. वहिनी रिकामा कप घेऊन वर गेल्या. मी गॅलरीकडे बघत राहिलो, पडदा हलला नाही. रिक्षा स्टँडला पोचेपर्यंत ते बोलत होते, मी हं-हं करत होतो, आणि त्यांना एकदाही न बघता मी जळगावच्या गाडीत बसलो.