काकूंभोवतीची कोरी जागा

गल्लीतल्या शिवणकामवाल्या काकू गेल्या. त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स करून घ्यायला एक कार्यकर्ता माझ्या डीटीपीच्या दुकानात आला. मी मधोमध काकूंचा फोटो लावला, खाली नाव घातलं आणि भोवताली सगळं कोरं सोडलं.

"ताई, एवढी जागा वाया का घालवता? शोकाकुल मंडळींचे फोटो टाका की!" म्हणत त्यानं पेनड्राइव्ह पुढे केला. त्यात सगळे गॉगल लावून हसत होते.

कोरं दिसलं की लोकांचे हात शिवशिवतात. पण माणूस गेल्यावर मागे उरतं ते असंच कोरं, आणि त्यामुळेच तर नजर त्या एका चेहऱ्यावर थांबते.

"दुसरीकडे करून घ्या," मी म्हटलं. "मी काकूंना कोपऱ्यात ढकलणार नाही."

तो तणतणत गेला. मी काकूंभोवतीची जागा आणखी दोन बोटं वाढवली.