निकम सरांच्या टाकीतली चिलापी

मे महिन्यातला शेवटचा शनिवार, दुपारच्या जेवणानंतर. जागा: चाकणच्या आमच्या कंपनीचं कँटीन. हजर: प्लांट हेड, मेंटेनन्सची पहिली शिफ्ट, कँटीनच्या दोन मावशी, मी, आणि ज्यांचा निरोप समारंभ होता ते निकम सर. शाल, श्रीफळ, केक, भाषणं. मी बोलले नाही. बोलायचं होतं ते इथे लिहिते.

निकम सर आमच्या सांडपाणी प्रक्रिया विभागाचे प्रमुख. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा नमस्काराच्या आधी त्यांनी मला खाली बसवलं. "मॅडम, आधी बसा. उभ्यानं आलात की सावली पडते. त्यांना बगळा आल्यासारखं वाटतं." त्यांना म्हणजे माशांना. शुद्ध केलेलं पाणी मागच्या ओढ्यात सोडण्याआधी एका सिमेंटच्या टाकीतून जायचं, आणि त्या टाकीत सरांनी चिलापी सोडली होती. पाणी कसं आहे ते माशांनी सांगायचं, अशी व्यवस्था.

सर प्राणिशास्त्र शिकलेले. "मासा बघू नका, मासा काय करतोय ते बघा," हे त्यांचं वाक्य कंपनीत पाठ नसलेला माणूस नव्हता. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. पाणी चांगलं असलं की नर तळाशी वाळूत खड्डा करतो आणि दुसऱ्या नराला तिकडे फिरकू देत नाही. मादी अंडी तोंडात धरून फिरते, तोवर काही खात नाही. सर म्हणायचे, "मला रावेतला वन बीएचके घ्यायला जन्म गेला, राव. हा बघा, तोंडानं वाळू उचलून आठवड्यात फ्लॅट तयार. आणि वर सोसायटीची कटकट नाही!" हसता हसता ते गुडघ्यांवर पुढे सरकायचे, पँटला माती लागायची. जेवणाची सुट्टी ते तिथेच काढत. माशांवर इतकं प्रेम करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हे आजही खरं आहे.

मी अ‍ॅडमिन विभागात, पाहुण्यांना कंपनी दाखवायचं काम माझ्याकडे. त्यामुळे ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या गावातल्या बायका गेटवर आल्या तेव्हा त्यांना आत मीच आणलं. म्हशी पाण्याला तोंड लावत नाहीत, कपडे धुतले की हाताला खाज सुटते, अशी तक्रार होती. पुढे हिराबाई, साठीच्या, आवाज खणखणीत. सरांनी सगळ्यांना टाकीपाशी उकिडवं बसवलं आणि खड्डा राखणारा नर दाखवला.

"मासं तर झ्याक हायती की," हिराबाई म्हणाल्या.

"मासा कुणाच्या दबावाखाली सही करत नाही, आजी. पाणी पटलं नाही की वर येऊन तोंड उघडतो. विषय संपला."

हिराबाईंनी मान हलवली, पण विचारलं मला. "ह्ये सायब शिकल्यालं हायती. तुमी बाईमाणूस, तुमी सांगा ताई. म्हशी सोडू का वड्यावर?"

"सोडा," मी म्हणाले. माझा सरांवर विश्वास होता, हिराबाईंचा माझ्यावर.

निरोपाच्या आदल्या आठवड्यात सांडपाणी प्लांटचा ब्लोअर जळाला. पाण्यात हवा सोडणारं यंत्रच बंद. उत्पादन मात्र चालू. दुरुस्तीचा पाठपुरावा करायला मी प्लांटवर गेले आणि काळजीनं टाकीकडे वळले. मासे वर आले असतील, कदाचित मेलेही असतील. सवयीनं खाली बसले. पाणी नितळ. नर खड्ड्यावर. एका मादीसमोर दाणे टाकले, ती बाजूला झाली. गालफडं फुगलेली, तोंडात अंडी.

काय बघायचं ते सरांनीच शिकवलं होतं. हे पाणी प्लांटचं नव्हतं.

टाकीत येणाऱ्या पाइपाच्या मागानं चालत गेले. मेंदीच्या कुंपणाआडून तो बागेच्या बोअरवेलला जोडलेला होता. प्लांटचं पाणी टाकीला वळसा घालून दुसऱ्या पाइपानं थेट ओढ्यात जात होतं.

सर पंपहाउसमध्ये होते. नाकारलं नाही. "पहिल्या वर्षी सगळे मेले, मॅडम. मी हातानं बाहेर काढले. परत नाही जमलं मला ते."

"आणि प्रदूषण मंडळाच्या तपासणीचे नमुने?"

"त्याची तारीख आधी कळते. त्या दिवशी प्लांट नीट चालवायचा. एरवी लोड झेपतच नाही त्याला. वर सांगून थकलो."

"हिराबाईंना तुम्ही काय सांगितलंत, सर?"

"मासे खोटं बोलले नाहीत. ते त्यांच्या पाण्याबद्दल सांगत होते."

"आणि तुम्ही?"

ते दाण्यांचा डबा घेऊन टाकीकडे निघाले. माशांची मरणं त्यांना बघवली नव्हती. ओढा कंपनीच्या कुंपणापलीकडे होता, तो बघावा लागत नव्हता. माणसं फसवायची ठरवून फसवतात असं मला वाटायचं. या माणसानं मायेपोटी फसवलं होतं, आणि त्याचा राग कुठे ठेवायचा ते मला अजून कळलेलं नाही.

प्लांट हेडना मी त्याच दिवशी सांगितलं. ओढ्याची लाइन बंद झाली, पाणी टँकरनं बाहेर जाऊ लागलं. "निरोप तेवढा नीट होऊ द्या, मॅडम. माणूस रिटायर होतोय," ते म्हणाले. म्हणून शाल, श्रीफळ, केक. निघताना सर माझ्यापाशी थांबले. "मादीला आता चार दिवस दाणे नकोत. पिल्लं सोडेल ती." मी हो म्हणाले.

सोमवारी हिराबाईंचा फोन आला. "ताई, वड्याचं पाणी घटलंया. समदं बरं हाय न्हवं? मासं कशी हायती?"

"मासे चांगले आहेत," मी म्हणाले.

"मग झालं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. हे फोनवर सांगायचं नव्हतं. त्यांच्या दारात बसून, म्हशींच्या समोर सांगायचं आहे. आज गुरुवार. अजून गेलेले नाही.