टर्फवरचं पाणी

पाटोद्याच्या स्टँडवर माझ्या वडिलांनी, आबांनी, माझी हॉकी स्टिक युरियाच्या गोणीत गुंडाळून दिली. एसटी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "जपून खेळ गं. पाय मोडला तर दोनी बी बंद व्हतील."

दोन्ही म्हणजे माझे दोन आधार. आपल्या साखर कारखान्याच्या ज्युनिअर टीममधून खेळले म्हणून मेसचा खर्च कारखाना द्यायचा, आणि पुण्याच्या कॉलेजने खेळाडू म्हणून फी अन् होस्टेल माफ केलं होतं. गावाकडच्या पोरींनो, तुम्ही फोनवर विचारता ना, ताई, कसं जमवलं? असं जमवलं. एकावर भागलं नसतं.

दुसऱ्या वर्षी पाऊस झालाच नाही. ऊस जागेवर वाळला, गाळप बंद पडलं. कारखान्याची मदत थांबली, हे सांगायला आबा चारा छावणीतून थेट पुण्याला आले. नेमकी त्या दिवशी आमची फायनल होती. आमचे कोच सर म्हणाले होते, जिंकलात तर तुझ्या मेसचंही कॉलेज बघेल.

मॅचच्या आधी टर्फचं मैदान भिजवतात, नाहीतर पडल्यावर गुडघे सोलून निघतात. चारी बाजूंनी फवारे सुटले. आबांना वाटलं, पाइप फुटला. धावत जाऊन त्यांनी व्हॉल्व शोधला आणि बंदच करून टाकला. "आरं, कुनी हाय का न्हाई हितं? किती पानी चाललंय!" सगळ्या मैदानात हशा पिकला. मी पळत गेले, त्यांना समजावलं.

आबांनी खाली वाकून टर्फला हात लावला. "ह्ये तर प्लास्टिक हाय. ह्याला पानी कावून?"

"पडल्यावर लागू नये म्हणून, आबा."

ते माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने व्हॉल्व पुन्हा उघडला.

आम्ही जिंकलो. मेसचं भागलं. गावात प्यायला पाणी नसताना त्या ओल्या टर्फवर धावले, याची मला जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. आता मी पुण्यात त्याच मैदानावर मुलींना हॉकी शिकवते, आणि फवारे सुटले की काहीतरी निमित्त काढून आत जाते.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "ताई, तुमी येनार म्हून आमी टँकरचं पानी राखून ठेवलंय, ग्राउंडवर मारायला." पोरींनो, तेवढं करू नका. ते पाणी घरी न्या. मला आपलं मैदान धुळीचंच हवंय, आणि पडले तर माझे गुडघे फुटू द्या.