उद्धटपणाची शिकवणी

दिल्लीत फुकट उद्धटपणा शिकवणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. दिल्लीत ही शिकवणी कशाला लागते, असं कुणीही विचारेल. इथे उद्धटपणा पार्किंगमध्ये, ऑटोरिक्षात, मेट्रोच्या दारात हवा तेवढा मिळतो आणि हिवाळ्यात धुरक्याबरोबर आपोआप फुफ्फुसात जातो. पण मामांचं म्हणणं असं, की ज्यांना त्याची खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत तो पोचतच नाही. गरज कुणाला? तर शिष्यवृत्तीच्या पोरांना. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून उपसचिव म्हणून निवृत्त झाल्यापासून मामा मयूर विहारच्या आपल्या फ्लॅटमधून इथल्या मराठी मंडळाची शिष्यवृत्ती योजना चालवतात. गरीब घरातली हुशार मुलं निवडायची, त्यांची फी आणि वसतिगृहाचा खर्च देणगीदारांकडून मिळवायचा आणि प्रत्येक मुलामागे एक ‘पालक-मित्र’ लावायचा, अशी ही योजना. पालक-मित्रांसाठी मामा कधी आवाहन करत नाहीत. ते नातेवाइकांना पकडतात. माझी नेमणूक एका साखरपुड्यात, मी तोंडात बासुंदीचा घास घेतलेला असताना झाली. गिळेपर्यंत नाव जाहीर झालं होतं.

मामा मला ‘जावईबापू’ म्हणतात, अहोजाहो करतात, आणि या आदरातूनच हुकूम सोडतात. "हुशारी या पोरांकडे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे, जावईबापू," त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. "कमी काय आहे? तोंड! जन्मापासून कुणी ना कुणी उपकार करत आलंय, त्यामुळे मान अशी खाली. ही मान घेऊन उद्या ऑफिसात बसले, तर लोक तिच्यावर फायली ठेवतील." त्यामुळे त्यांच्या योजनेत गणित आणि इंग्रजी बाहेरच्या शिकवण्यांवर सोपवलेलं असतं, रविवारी सकाळी मामांच्या घरी जो तास होतो तो फक्त नाही म्हणण्याचा. त्याला प्रात्यक्षिकंही असतात. कॅनॉट प्लेसच्या हॉटेलात न्यायचं आणि कोमट सूप परत पाठवायला लावायचं. मॉलमध्ये बुटांच्या दुकानात पाठवायचं, सगळे जोड काढायला लावायचे आणि काहीही न घेता बाहेर पडायचं. यवतमाळहून आलेला इंजिनिअरिंगचा एक मुलगा इतका भिडस्त होता, की मेट्रोत कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर तोच सॉरी म्हणायचा. त्याला मामांनी बुटांच्या दुकानात पाठवलं. तो बूट न घेता बाहेर आला खरा, पण हातात मोज्यांची पिशवी होती. "सेल्समन बिचारा फार वाकला होता हो," तो म्हणाला. मामांनी डोक्याला हात लावला आणि त्याला त्याच पावली मोजे परत करायला पाठवलं. तो परत आला तेव्हा पिशवीत मोजे होतेच, वर बेल्टही होता.

या शिकवणीतली सगळ्यात अवघड परीक्षा म्हणजे मामी. मामी सांगलीच्या. ताटात आग्रहाने वाढणं हा त्यांचा धर्म आहे आणि त्या बाबतीत त्या कट्टर आहेत. मामांनी त्यांच्या या शक्तीचा उपयोग शैक्षणिक साधन म्हणून केला. तासाच्या शेवटी पोरं खायला बसली, की मामी शिऱ्याचं पातेलं घेऊन येतात आणि विद्यार्थ्याने त्यांना नाही म्हणून दाखवायचं असतं. ऐकायला सोपं वाटतं. पण मामी आधी प्रेमाने विचारतात, मग "एवढासा, तोंड गोड करायला" म्हणतात, मग "असू दे, आता आमच्या हातची चव कुणाला आवडणार" असं भिंतीकडे बघून म्हणतात, आणि तुम्ही ओशाळून वर बघता तेवढ्यात डाव पालथा झालेला असतो. सरकारी मुलाखतमंडळासमोर न डगमगलेली पोरं इथे धारातीर्थी पडली आहेत. "बिल्कुल गलत!" मामा शेजारून ओरडतात. "कारण कशाला दिलंस? पोट भरलंय म्हणालास ना? झालं! कारण दिलं की समोरच्याला त्याचं उत्तर सापडतं. नाही म्हणायचं आणि गप्प बसायचं!" योजनेमुळे पोरांची किती प्रगती झाली ते मंडळाच्या अहवालात येतंच, वजनाची प्रगती मात्र मी डोळ्यांनी पाहिली आहे.

हे खूळ मामांच्या डोक्यात कुठून आलं ते मामींनी मला एकदा स्वयंपाकघरात, आवाज खाली आणून सांगितलं. मामा साताऱ्याला वार लावून जेवत शिकले. म्हणजे आठवड्याचा एकेक वार एकेका घरी, दयेचं जेवण. मंगळवारच्या घरी दर मंगळवारी कारलं असायचं. त्या घरच्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "आवडतं ना रे?" आणि हे म्हणाले, "फार." झालं. शाळा संपेपर्यंत त्यांनी दर मंगळवारी कारलं खाल्लं, आणि आवडतं म्हणून दुप्पट खाल्लं. "पुढे ऑफिसातही तेच," मामी म्हणाल्या. "कुणी काही वाढलं की ‘फार छान, सर’. निवृत्तीच्या दिवशी घरी आले आणि मला म्हणाले, आजपासून कारलं बंद. मी म्हटलं, अहो, मी तर लग्नापासून कधी केलंच नाही!"

माझ्या वाट्याला सुकेशिनी आली. फरीदाबादची. वडील मराठवाड्यातून येऊन तिथल्या कारखान्यात मशीनवर लागलेले, आई शिवणकाम करणारी, आणि ही दिल्लीच्या कॉलेजात बी.एस्सी., विषय भौतिकशास्त्र. पहिल्या रविवारी मामी शिऱ्याचं पातेलं घेऊन आल्या तेव्हा तिने ताटावर आडवा हात धरला आणि म्हणाली, "आजी, शिरा एकदम मस्त आहे. मला नको." पुढे एक शब्द नाही. मामी आपल्या सगळ्या पायऱ्या चढून आल्या, अगदी भिंतीपर्यंत जाऊन आल्या, हात तिथेच. मामा खुर्चीवरून उठले, खिडकीपाशी गेले आणि पाठ फिरवून उभे राहिले. मला वाटलं चिडले. ते चष्मा पुसत होते.

पालक-मित्र म्हणून मी काय केलं, हे सांगायला मला लाज वाटते. मला मुळात कशाचीही लाज वाटते. माझा मुलगा महागड्या खासगी विद्यापीठात जातो आणि तिथलं वायफाय हळू चालतं म्हणून आईला फोन करून वैतागतो. त्याचं मला अपराधी वाटतं. घरी एसी लावला की खाली उन्हात बसलेल्या चौकीदाराचं वाटतं, बंद केला की घामेजलेल्या बायकोचं वाटतं. दर महिन्याला मेट्रो स्टेशनखालच्या दुकानात सुकेशिनीला भेटून तिला मार्गदर्शन करायचं, असं ठरलं होतं. मी तिला करिअरबद्दल दोन वाक्यं सांगायचो आणि तिसऱ्या वाक्याला माझ्या पिढीने तुमच्यासाठी काही केलं नाही, इथे येऊन पोचायचो. ती ऐकून घ्यायची. "काका, चलो, आधी समोसा खा," म्हणायची. "गार होतोय. देशाचं नंतर बघू."

तीन वर्षांनी तिला पुण्याला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला. तिच्या वर्गातून ती एकटीच निवडली गेली होती. फी आणि वसतिगृह दोन्ही एकाच देणगीदाराने उचलायचं कबूल केलं होतं: नोएडात पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना असलेले एक मराठी गृहस्थ. माणूस खरोखर उदार. फक्त एक होतं. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत बसायचे, घडी केलेला रुमाल मांडीवर तयार ठेवायचे, आणि मुलांनी स्टेजवर येऊन आपली करुण कहाणी सांगावी अशी त्यांची अपेक्षा असायची. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग संघर्षगाथा, असा क्रम ठरलेलाच होता.

त्या वर्षी निवेदकाने सुकेशिनीला माइक दिला. "हिने रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून हे यश मिळवलं," तो कातर आवाजात म्हणाला.

"नाही," सुकेशिनी म्हणाली. "आमच्या घरी लाइट आहे. गल्लीतला दिवा तर कायम बंदच असतो. तिथे कोण काय वाचणार?"

मागच्या रांगा हसल्या. निवेदकाने तिच्या वडिलांच्या कष्टांबद्दल दोन शब्द सांगायला सुचवलं. "ती बाबांची गोष्ट आहे," ती म्हणाली. "त्यांना विचारल्याशिवाय मी सांगणार नाही. मला फिजिक्सचं काहीही विचारा, बिल्कुल सांगते." कुणी विचारलं नाही. तेव्हा तिने आपण होऊन योजनेबद्दल सूचना केल्या: फी वेळेवर भरत जा, आणि पालक-मित्र नेमताना जरा बघून नेमा. "माझे काका स्वभावाने खूप चांगले आहेत," ती माझ्याकडे बघत म्हणाली, "पण अर्धी भेट त्यांना धीर देण्यात जाते." सगळा हॉल हसला, मीही हसलो, आणि हसल्याबद्दल मला लगेच वाईट वाटलं. फक्त पहिल्या रांगेत तो रुमाल घडीसकट खिशात गेला. ते गृहस्थ चहालाही थांबले नाहीत.

मामा घरी जाईपर्यंत टॅक्सीत मांडीवर थापा मारत होते. "काय बोलली पोरगी! ‘ती बाबांची गोष्ट आहे’! वा! जावईबापू, मंत्रालयात अख्ख्या आयुष्यात मला एकदा असं बोलता आलं असतं ना..." दुसऱ्या दिवशी मंडळाकडे निरोप आला, की पुढच्या वर्षाच्या मदतीबद्दल देणगीदार फेरविचार करत आहेत. पुण्याची फी भरायची मुदत आठवड्यावर आली होती. मामांनी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. एवढी रक्कम इतक्या घाईत कुणाला जमेना. मामींचा मला फोन आला: "अहो, हे दोन दिवस वाढेल ते मुकाट खातायत. तुम्ही या."

मी गेलो आणि भीतभीत म्हणालो, "सुकेशिनीने दोन ओळींची माफी मागितली तर?"

"कशाची माफी? तिने काय चुकीचं केलं?"

"काही नाही."

"मग?"

"मग तिचं पुणं जाईल, मामा."

मामा खुर्चीवरून उठले. मग आत गेले आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच टाय लावून बाहेर आले. "गाडी काढा," म्हणाले.

नोएडाच्या त्या कारखान्यात आम्हाला ताटकळत बसवलं गेलं नाही, हे सांगायला हवं. साहेबांनी लगेच आत बोलावलं, पाणी दिलं. ते चिडलेले नव्हते, दुखावलेले होते. "मी काय तमाशा बघायला येतो का तिथे?" ते म्हणाले. "मीही एका खोलीत वाढलोय हो. ऐकलं की बरं वाटतं, एवढंच. मुलीने निदान येऊन माझ्याशी दोन शब्द बोलावेत."

"ती नाही येणार," मामा म्हणाले. मला वाटलं, आता इथेही शिकवणी सुरू होणार. पण मामा उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "तिच्या वतीने मी आलोय, सर. लहान आहे, बोलण्याचं भान राहिलं नाही. आपल्यासारख्यांच्या आधारावर ही मुलं उभी राहतात, याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. आपण मोठ्या मनाने..." एक शब्द अडखळला नाही. खांदे किती वाकवायचे, आवाज कुठे उतरवायचा, ‘सर’ किती अंतराने घालायचं, सगळं जिथल्या तिथे. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण हा माणूस मी पाहिलेला नव्हता. मला खाली बघवेना आणि वरही बघवेना. साहेबांनी घाईघाईने टेबलाला वळसा घातला, त्यांचे हात धरले, "अहो, हे काय, बसा, बसा" म्हणाले, आणि काम झालं.

परतताना मयूर विहारचं वळण जवळ आलं. मग मामा बाहेर बघतच म्हणाले, "चांगलं बोललो ना?"

"हो, मामा."

"विसरलो असेन असं वाटलं होतं." थोड्या वेळाने त्यांनी टाय सोडला आणि गुंडाळून खिशात ठेवला. "तिला कळता कामा नये. तिला वाटू दे, की ती बोलली आणि काही बिघडलं नाही."

मी हो म्हणालो. अजून सांगितलेलं नाही.

सुकेशिनी जुलैमध्ये निघाली. निजामुद्दीन स्टेशनवर तिला पोचवायला मामा आणि मी गेलो होतो. तिच्या आईवडिलांनी निरोप फरीदाबादला घरीच दिला होता. तिकीट थ्री एसीचं मी काढलं होतं, अर्थातच अपराधी वाटून. ती सामान घेऊन आत गेली आणि काळपट काचेतून दिसायला लागली. तिच्या खालच्या बर्थवर एक धष्टपुष्ट गृहस्थ कुटुंबासह पराठ्यांचा डबा उघडून बसले होते आणि वरच्या बर्थकडे बोट दाखवून तिला काहीतरी समजावत होते. काचेमुळे ऐकू काहीच येत नव्हतं. सुकेशिनी खांद्यावर पिशवी तशीच ठेवून उभी होती. मामा आत चढायला निघाले, मी त्यांचा दंड धरला. तेवढ्यात गाडी हलली.

मामांनी हात वर केला. सुकेशिनीने खिडकीकडे बघितलं नाही. ती बोलत होती.

"भांडतेय का?" मामांनी विचारलं. त्यांना लांबचं नीट दिसत नाही.

"हो."

"उठला का तो?"

"डबा बंद करतोय."

तिचा रेल्वेचा डबा पुढे सरकला, मग त्याच्या मागचे डबे गेले, मग गार्डही गेला. "मग ठीक आहे," मामा म्हणाले. "असं मधेच वळून बघायचं नसतंच." पण प्लॅटफॉर्म रिकामा झाला, चहावाला दोनदा विचारून गेला, तरी त्यांचा हात वरच होता, आणि तो खाली घ्या असं त्यांना सांगणं माझ्याच्याने झालं नाही.