ट्रकच्या एसीचं उद्घाटन

श्रमिकाच्या घामाची किंमत या देशात उशिरा का होईना, कळतेच. गाडीपुढे फुटलेला नारळ दिसला की मला हे आठवतं. महाडला आमच्या शेजाऱ्यांच्या जुन्या ट्रकचा ड्रायव्हर कशेडी घाटात उकाड्यानं घेरी येऊन स्टिअरिंगवर पडला होता. म्हणून शेवटी एसीचा कंप्रेसर आणि पुढच्या जाळीमागचा गॅसचा कंडेन्सर नवा बसवला. उद्घाटनाला पुढारी आले, भर उन्हात घामाच्या महतीवर भरपूर बोलले आणि नारळ त्यांनी थेट जाळीवर हाणला. आतून फस्स आवाज आला. “गॅस गेला, सायेब! आता मी घाटात काय करू?” ड्रायव्हर म्हणाला. “अरे, नारळ एका फटक्यात फुटला, शुभ हाय!” पुढारी म्हणाले. परवा तो ट्रक पोलादपूरला दिसला. दारावर उद्घाटकांचं नाव रंगवलं होतं आणि दोन्ही काचा खाली होत्या.